जावईबापू गाडीखाली

"मंजिरी, ए मंजिरी! आहेस का गं कुंपणापलीकडे? पाण्याचा आवाज येतोय."

"आहे, नलूमावशी. आज आपल्या बाजूचा पाणी घालायचा वार ना, म्हणून पाइप लावलाय. बोला."

"अशी मोठ्यानं नको. त्या पडलेल्या फळीच्या फटीपाशी ये. जावईबापू मागच्या अंगणातच बसलेत."

"आले. वादळात ती फळी उडाली हे आपल्या दोघींच्या पथ्यावरच पडलं. काय झालं?"

"काल सकाळी चहा ठेवला, सहज खिडकीतून बघते तर ड्राइव्हवेवर दोन पाय. नुसते पाय गं! बाकीचा माणूस गाडीखाली. माझ्या हातातली किसणी गळून पडली. स्वातीला हाका मारल्या, तर ती डोळे चोळत म्हणते, 'आई, ओरडू नकोस, समीर ऑइल बदलतोय.' नव्या गाडीचं! अजून पाच हजार मैल झाले नाहीत."

"मला माहीत होतं."

"तुला कसं?"

"आदल्या रात्री टॉर्क रेंच मागायला आला होता. माझाच नेलाय."

"बघ! घरात सासू बसलीये, दापोडीच्या एसटी वर्कशॉपातल्या माणसाची बायको, आणि पाना मागायचा शेजारी. ह्यांची अख्खी नोकरी त्या वर्कशॉपात गेली. त्यांचे कपडे धुऊन धुऊन माझ्या हातांना सणासुदीलासुद्धा ऑइलचा वास यायचा. मला एका शब्दानं विचारलं असतं तर?"

"तर काय सांगितलं असतंत?"

"करू नका म्हणून सांगितलं असतं! पहिलं ऑइल फुकट होतं गं. गाडी विकणाऱ्यानंच तसा कागद दिलाय, स्वातीनं दाखवला मला. फुकटचं सोडून जावईबापूंनी स्वतःच्या पैशानं डबे आणले. वर ते काळं घमेलं, हातमोजे, नरसाळं आणि गाडीखाली घसरत जायला चाकांचा पाट."

"क्रीपर? त्याची काही गरज नव्हती. फोर्डची एफ-१५० इतकी उंच असते की नुसता पुठ्ठा अंथरून खाली सरकता येतं. जॅकसुद्धा लावावा लागत नाही. ते बरंच आहे म्हणा. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली माणसानं कधीच जाऊ नये."

"पण ड्राइव्हवेवर कशाला? लोक बघतात."

"गॅरेजमध्ये मावते कुठे ती! चार दारांची पिकअप एकोणीस फुटांहूनही लांब. बोनेट आत, हौदा बाहेर, आणि दार उघडंच. वर आमची सोसायटी म्हणजे एचओए. गवत चार बोटं वाढलं तर पत्र, कचऱ्याचा डबा रात्रभर बाहेर राहिला तर पत्र. ड्राइव्हवेवर गाडी दुरुस्त करायची नाही, असाही नियम आहे. म्हणून तर तो उजाडायच्या आत खाली शिरला."

"अगंबाई! म्हणजे चोरून?"

"चोरून नाही हो. ऑइल बदलणं म्हणजे दुरुस्ती की देखभाल, हा वाद तो घालणार होता. पत्र आलं असतं तर."

"वाद घालण्यात पटाईत आहेत. बरं, तू मला एक सांग. आतून नळच सोडावा तसं भसकन ऑइल आलं. मंडळाच्या गणपतीतला तो नवा टी-शर्ट गेला कामातून. नट हळूहळू सोडायचा असतो एवढंही कळू नये?"

"त्याला नटच नाही, मावशी. त्याचं इंजिन २.७ लिटरचं, इकोबूस्ट. त्याला पिवळी प्लास्टिकची डाट असते. पाव वळसा फिरवली की थेट हातात, आणि भोक चांगलं रुंद. हळूहळू सोडायची सोयच नाही. घमेलं आधी सरकवायचं आणि डोकं बाजूला ठेवायचं."

"प्लास्टिकची डाट? इंजिनाला?"

"खालचं चेंबरसुद्धा प्लास्टिकचंच."

"मी ह्यांना नाही सांगणार बाई हे. त्यांचं सगळं आयुष्य आट्यांत गेलं. कुणी नवशिक्यानं नट जास्त आवळला आणि आटे गेले की घरी येऊन जेवायचे नाहीत. आणि फिल्टर? तो वरून कसा काय काढला? बोनेट उघडून उभे होते."

"ह्या इंजिनाचा फिल्टर वरच असतो, टोपणाखाली कागदी कार्ट्रिज. खालचं ऑइल सोडायच्या आधी ते टोपण सैल करायचं, म्हणजे तिथलंही ऑइल खाली उतरतं. टोपणाची रबरी रिंग बदलायची, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं. टोपण आवळायला माझा रेंच. तेही प्लास्टिकच, जोर लावला की तडकतं."

"आणि निघालं ते किती काळं! नव्या गाडीचं ऑइल इतकं काळं? मला तर शंकाच आली."

"टर्बो इंजिनात ऑइल लवकर काळवंडतं. त्यातली द्रव्यं काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवतात, ते त्यांचं कामच आहे. नुसत्या रंगावरून खराब म्हणता येत नाही."

"मग बदललं कशाला? मुदत तरी झाली होती का?"

"नव्हती. फोर्डचं पुस्तक म्हणतं, डॅशबोर्ड सांगेल तेव्हा बदला, पण दहा हजार मैल किंवा एक वर्ष ह्याच्या पुढे जाऊ नका. पूर्वी नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल पाचशे-हजार मैलांतच काढायचे. भाग एकमेकांवर घासून बसताना बारीक धातू सुटायचा."

"हो, ह्यांच्याकडेही तसंच. नव्या गाडीचं पहिलं ऑइल लवकर."

"आता भाग खूप सफाईनं कापलेले असतात, ऑइलही सुधारलंय. होंडा तर उलट सांगते, कारखान्यातून भरलेलं ऑइल घाईनं काढू नका. पण समीरनं टोयोटाची बातमी वाचली आणि त्याची झोप उडाली."

"कसली बातमी?"

"२०२४ साली टोयोटानं टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून लाखभर गाड्या परत बोलावल्या. इंजिन कापताना सुटलेला धातूचा चुरा काही इंजिनांत तसाच राहून गेला असण्याची शक्यता होती. ह्याची गाडी फोर्डची, कारखाना वेगळा, इंजिन वेगळं. आणि आत राहिलेला चुरा ऑइल बदलल्यानं निघेलच असंही नाही. मी सांगितलं त्याला. 'तरी मनाला बरं वाटेल' म्हणाला."

"मनाला बरं वाटायला देवळात जावं. आणि वॉरंटी? ती गेली ना आता? स्वातीला तीच धास्ती."

"नाही जात. १९७५ सालचा कायदा आहे इथे अमेरिकेत, मॅग्नसन-मॉस. ऑइल स्वतः बदललं एवढ्यावर कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. फक्त पुस्तकातल्या दर्जाचं ऑइल हवं आणि वेळेवर बदलल्याचा पुरावा हवा. डब्यांची, फिल्टरची पावती, तारीख, मैल. फोर्डची इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा साठ हजार मैल. तोवर ते कागद सापडले पाहिजेत."

"म्हणजे खाली झोपणं सोपं, कागद सांभाळणं अवघड. तेवढं बाकी ते करतात. कोथिंबिरीचीसुद्धा पावती जपतात. आता एक माझ्या मनातलं सांगू? ते निघालेलं जळकं ऑइल दोन डब्यांत भरून ठेवलंय. मी म्हणते, ह्या फळ्यांना फासून टाकावं. गावाकडे आम्ही गोठ्याच्या खांबांना फासायचो. वाळवीची काय बिशाद!"

"मावशी, नको! इथं ते चालतच नाही. पाऊस पडला की मातीत, मातीतून पाण्यात. एका वेळचं जुनं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. आणि ह्या कुंपणाच्या अलीकडे माझी मेथी आहे!"

"मेथी म्हटलीस म्हणून ऐकते. मग करायचं काय त्याचं? नाल्यात?"

"नाल्यात तर मुळीच नाही. ऑटोझोनसारख्या पार्टच्या दुकानात नेऊन द्यायचं, ते बहुधा फुकट घेतात. पुढे शुद्ध करून त्याचं परत ऑइल होतं. फक्त त्यात कूलंट, पेट्रोल असलं काही मिसळलेलं नको, नाही तर घेणार नाहीत."

"फुकट घेतात होय? मग ठीक. पण हिशेब काही जुळत नाही गं. फुकटचं सोडलं, पैसे घातले, पहाटे उठले, टी-शर्ट घालवला. मिळवलं काय?"

"मी माझी गाडी आणली तेव्हा हेच केलं होतं, मावशी. पहिल्या वेळी खाली सगळं कोरं असतं. चिखल नाही, गंज नाही, तेलकटपणा नाही. कुठला पाइप कुठून गेलाय, कुठला जोड कोरडा आहे, कुठे कारखान्यातलंच मेण लावलेलं आहे, हे एकदा डोळ्यांखालून घालायचं. फोटो काढून ठेवायचे. मग पुढे कुठेही ऑइल बदलायला द्या, परत आल्यावर एक ओला डाग दिसला तरी कळतं, हा पूर्वी नव्हता. वर्षभरानं पहिल्यांदा खाली वाकलं तर डाग जुना की नवा, कोण सांगणार?"

"हे बरोबर आहे. नवी बस आली की हे आधी खाली जायचे. मुकादम हसायचा, म्हणायचा, नवऱ्या मुलीचं तोंड वर आहे, तुम्ही खाली काय बघता? सहा महिन्यांनी गळती कुठली ते ह्यांनाच विचारायला यायचा."

"मग सांगा की समीरला तसं."

"मी कशाला सांगू? ह्यांनीच सांगितलं. रात्री व्हिडिओ कॉल लावला, तर सासरे-जावई माझ्याकडे बघायलाच तयार नाहीत. ह्यांचा पहिला प्रश्न, 'ऑइल घातल्यावर इंजिन चालू करून बंद केलंत का? मग थांबून डिपस्टिक बघितलीत का?' जावईबापूंनी बघितली होती. सहा क्वार्ट मोजून घातलं म्हणाले. ह्यांना क्वार्ट कळेना."

"साडेपाच लिटरच्या थोडं वर."

"तेच सांगत बसले. लग्नाला आठ वर्षं झाली, आजवर ह्या दोघांचं बोलणं 'तब्येत कशी', 'हवा कशी' ह्यापुढे गेलं नव्हतं. काल पाऊण तास! शेवटी हे म्हणाले, 'फोटो पाठवा खालचे.'"

"वा! आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा आकडा परत शंभरावर आणला का त्यानं? तो आपोआप होत नाही, मेनूत जाऊन करावा लागतो."

"ते मला काय माहीत? थांब, विचारू?"

"नको, नको! मग कळेल आपण काय बोलत होतो ते. मी रेंच मागायच्या निमित्तानं येते संध्याकाळी."

"ये. आणि आमच्या स्वातीचं ऐकलंस का? पुढच्या खेपेला गाडीखाली मी जाणार म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, खुशाल जा. फक्त आपले कपडे आपण धुवायचे."