कर्णव्यस्त

पुण्याच्या नागर समाजात गेल्या दहा-बारा वर्षांत जो एक नवा मनुष्यप्रकार स्थिरावला आहे, त्याला सोयीसाठी 'कर्णव्यस्त' असे नाव देता येईल. वय पंचवीस ते तीसच्या दरम्यान, वास्तव्य कोथरूड किंवा कर्वेनगर, नोकरी कल्याणीनगरच्या एखाद्या काचेच्या इमारतीत आणि जागेपणीचा बहुतेक काळ दोन्ही कानांत बसवलेली पांढरी बोंडे, ही त्याची बाह्य लक्षणे होत. अंतर्लक्षण एकच: आपले आयुष्य हा एक चित्रपट असून त्याला पार्श्वसंगीत पुरवण्याची जबाबदारी आपल्यावरच येऊन पडली आहे, अशी त्याची पक्की समजूत. या प्रकारात मुलीही तितक्याच आढळतात. परंतु त्या एक बोंड काढून मैत्रिणीच्या कानात घालतात, म्हणजे त्यांच्यात थोडी सामाजिकता शिल्लक असते, म्हणून प्रस्तुत विवेचन पुरुष-नमुन्यापुरतेच ठेवले आहे.

त्या बोंडांत 'नॉइज कॅन्सलेशन' नावाची एक सोय असते. बाहेरचा आवाज सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपायचा, त्याच्या नेमकी उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही लहरींनी एकमेकींना खाऊन टाकले की उरते ती शांतता, असे तिचे तत्त्व आहे. घरातल्या आजोबांच्या कानातही यंत्र असते. त्यांचे ऐकू यावे म्हणून आणि नातवाचे ऐकू येऊ नये म्हणून, एवढाच काय तो फरक, आणि तोही भाऊबंदकीचा विषय निघाल्यावर आजोबा आपले यंत्र हळूच बंद करतात तेव्हा उरत नाही. दुर्दैवाने ही उलटी लहर इंजिनाची धडधड, पंख्याची घरघर अशा सलग, खर्जातल्या आवाजांवरच उत्तम चालते. अचानक उमटणाऱ्या, चढ्या मानवी आवाजापुढे तिचे फारसे चालत नाही. त्यामुळे विमानाच्या इंजिनाला गप्प करू शकणारे हे यंत्र "अरे, दळण टाकून ये, गिरणी बंद होईल!" या मातृवाक्यापुढे हतबल ठरते आणि ऐकू न आल्याचे काम कर्णव्यस्ताला निव्वळ अभिनयावर निभावून न्यावे लागते.

त्याचे चिंतन बहुतांशी मेट्रोत चालते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि पुढे तो मार्ग रामवाडीपर्यंत पोहोचला. त्या मार्गावर डेक्कन जिमखान्यापासून महानगरपालिकेपर्यंत गाडी मुठेच्या पात्राच्या कडेकडेने, उंचावरून जाते. हा पट्टा कर्णव्यस्ताच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत सिनेमाई क्षण असल्यामुळे एक संथ, पियानोयुक्त गाणे त्याने त्यासाठी राखून ठेवलेले असते आणि गाडी वेळेआधी निघाली तर कडवे चुकते म्हणून तो चिडतो. डबा वातानुकूलित असून खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे नदी केवळ दिसते, तिचा वास येत नाही, ही गोष्ट त्याच्या नदीविषयक चिंतनाला फार पोषक ठरली आहे. पुढे पुणे स्टेशन आले की तो गाणे बदलून रॅप लावतो. त्या स्थानकाजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला रॅपर एमसी स्टॅन 2023 मध्ये 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला, तेव्हापासून कोथरूडमधील कित्येक तरुणांना आपले बालपण खडतर गेल्याचे आठवू लागले आहे.

गाण्यांची मांडणी करण्याची त्याची रीतही स्वतंत्र आहे. मागच्या पिढ्या गाणी लावत त्या गायकानुसार, संगीतकारानुसार किंवा निदान चित्रपटानुसार. कर्णव्यस्त ती मनःस्थितीनुसार लावतो, आणि अशा मनःस्थितीबद्ध गीतमालिकेला 'प्लेलिस्ट' म्हणतात. 'पावसातला मंगळवार', 'बॉसशी खोटं हसल्यानंतर', 'ब्रेकअप, झाला नाही पण होऊ शकतो' अशी तिची नावे असतात. नाव ठरवण्यास एक संध्याकाळ लागते, मुखचित्र निवडण्यास दुसरी, आणि प्रत्यक्ष ऐकण्याचा प्रसंग येतो तेव्हा ती मनःस्थिती टळून गेलेली असते.

त्याच्या समीक्षेची परिभाषा दोनच संज्ञांवर उभी आहे. जे इतरांना अजून ठाऊक नाही ते 'अंडररेटेड', म्हणजे योग्यतेच्या मानाने उपेक्षित. आणि जे इतरांना ठाऊक झाले ते 'ओव्हररेटेड', म्हणजे योग्यतेपेक्षा अधिक गाजलेले. एखादे गाणे पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात जाण्यास पूर्वी वर्षे लागत, आता एक शनिवार-रविवार पुरतो. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' नाचाच्या ठेक्यावर गाजू लागले, तेव्हा ते आपण आधीच ऐकले होते असे सांगणारे इतके भेटले की त्या गाण्याला अप्रसिद्धीचा काळ कधी मिळाला असेल, याविषयी शंका यावी. कर्णव्यस्ताच्या लेखी रसिकता म्हणजे गाण्याशी नाते नव्हे, गाण्यापाशी आपण कितवे पोहोचलो याची नोंद होय. आणि हा त्याचा खरा दोष आहे, बाकीचे सगळे वयाचे चाळे.

मात्र ज्या ॲपवर तो गाणी ऐकतो, ते ॲप या समीक्षेला भीक घालत नाही. भारतात 2019 मध्ये आलेले स्पॉटिफाय वर्षअखेरीस प्रत्येक श्रोत्याला त्याच्या ऐकण्याचा हिशेब देते, आणि तो मित्रमंडळींत मिरवण्याची प्रथा आहे. आइसलँडमधील वाद्यसंगीताची जाहीर महती गाणाऱ्या तरुणाच्या हिशेबात कुमार सानू अव्वल निघणे ही गोष्ट दुर्मिळ नाही. 'आशिकी' हा चित्रपट 1990 चा, म्हणजे त्यातली सानूची गाणी या तरुणाच्या जन्माच्या आधीची, आणि त्यानंतर सलग पाच वर्षे फिल्मफेअर पुरस्कार घेणाऱ्या गायकाला आवडून घेण्यात लाजण्यासारखे काहीही नाही. तरीही आपण काय ऐकतो हे मित्रांना दिसू नये, यासाठी ॲपमध्ये असलेली खासगी ऐकण्याची सोय तो नेमकी याच वेळी वापरतो. देवघरापेक्षाही एकांतात केलेली अशी भक्ती अन्यत्र क्वचितच दिसते.

डिसेंबरात तो 'सवाई'लाही जातो. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेल्या या महोत्सवात किराणा घराण्याचा अतिविलंबित एकताल सुरू झाला की बारा मात्रांच्या एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट लागू शकते. इकडे ॲपच्या हिशेबात तीस सेकंद वाजले की गाणे 'ऐकले' असे धरतात. म्हणजे त्याच्या सवयीप्रमाणे ख्याल ऐकून झालेला असतो आणि अजून समही आलेली नसते. त्याला त्यावरून हिणवणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र एवढे ध्यानात घ्यावे की, किराण्याचे अब्दुल करीम खाँ घरोघरी पोहोचले ते सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीतूनच. शिवाय मंडपात बसल्यावर तो पंधरा सेकंदांचे चित्रण करतो खरा, पण नंतर, बहुधा बॅटरी संपल्यामुळे, शेवटपर्यंत थांबतो, आणि भैरवीला त्याचे डोळे पाणावलेले पाहणारे लोक आहेत.

कोल्डप्ले या बँडच्या जानेवारी 2025 मधील नवी मुंबईच्या कार्यक्रमांसाठी तिकिटांच्या आभासी रांगेत त्याचा क्रमांक लाखांत गेला होता. अखेर 26 जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम त्याने घरच्या टीव्हीवर पाहिला. शेजारी मटार सोलत बसलेल्या मातोश्रींनी गायकाकडे पाहून "किती घामाघूम झालाय बिचारा, पंखा लावा म्हणावं त्याला" असा अभिप्राय दिला. त्या ऋतूत त्या बँडविषयी झालेल्या सर्व समीक्षेत करुणरसाचा हा एकच नमुना सापडतो.

आयुष्याविषयीचे त्याचे चिंतन थोडक्यात आटोपण्यासारखे आहे, कारण ते तोही थोडक्यातच करतो: पूर्वीसारखे काही राहिले नाही. 'पूर्वी' म्हणजे कधी, असे विचारल्यास तो ज्या काळात नव्हताच तो काळ सांगतो. फर्ग्युसन रस्त्यावर घेतलेल्या त्याच्या टी-शर्टवरील निर्वाणा या बँडचा गायक कर्ट कोबेन एप्रिल 1994 मध्ये गेला, आणि त्याच्या वियोगाचे दुःख हा सत्तावीस वर्षांचा तरुण जुन्या स्नेह्याच्या अधिकाराने करतो.

वाचकांपैकी कोणाला तो संध्याकाळच्या परतीच्या गाडीत भेटला, तर "काय ऐकतोयस रे?" असे अवश्य विचारावे, कारण त्याला तसे विचारणारे घरी कोणी नसते, मात्र नळ स्टॉप गेल्यावर विचारावे. तेथून वनाझपर्यंत तीनच स्थानके आहेत.