श्री. अंदाजे वॅट यांस खुले पत्र

प्रति,
श्री. अंदाजे वॅट,
मुक्काम पोस्ट माझा मोबाइल.

स. न. वि. वि.

मालवणहून आचऱ्यामार्गे देवगडला सायकलने जाऊन आलो. एप्रिलची दुपार, वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर. जाताना मेटाकुटीला आलो; येताना तोच वारा पाठीला, पाय नुसते सोबतीला. संध्याकाळी सायकलच्या अ‍ॅपवर, पायाचा जोर अंदाजाने सांगणारा आपला निकाल लागला: जाताना मी आळशी, येताना पहिलवान! वर पदकही दिलंत.

धन्य आपली विद्या. वजन, वेग आणि चढ एवढं कळलं की आपली कुंडली तयार. त्यात वाऱ्याला घरच नाही. सायकलसह 80 किलोचा माणूस सपाटीवर ताशी 25 किलोमीटरने चालला, तर वारा पडलेला असताना त्याला सुमारे 100 वॅट लागतात. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा आला की त्याच वेगाला दुप्पट, आणि तो पाठून आला की जेमतेम 40. आपण तिन्ही वेळा ठणकावून 100 सांगता. आचऱ्याच्या तिठ्यावर चहावाल्या काकांना आपला आलेख दाखवला. काचेवर बोट ठेवून ते म्हणाले, “ह्यात वारो खंय दिसता?”

अंदाजापेक्षा पायाचा जोरच मोजावा, हे उलरिश शोबेरर या जर्मन अभियंत्याला 1986 मध्येच उमगलं होतं. त्याने मापक थेट क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या भागात, बसवला. पॅडलवर जोर पडला की धातू किंचित ताणला जातो, त्यावरच्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून पिळाचा जोर काढायचा, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणायचं, की वॅट मिळाले. वारा कुठूनही येवो, मोजला जातो तो पायाचाच जोर. पण ते यंत्र महाग आणि आपण फुकट, म्हणून तर आपले लाड.

लांबच्या शर्यतीत मात्र हे लाड महागात पडतील. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकेकट्याने पुरी केली. सुमारे 4,800 किलोमीटर, मुदत 12 दिवस. झोप-जेवण धरून ताशी 17 किलोमीटरची सरासरी. तिथे आपल्या भरवशावर कुणी पहिल्याच दिवशी 100 समजून 200 खर्चले, तर चौथ्या दिवशी त्याला सायकलवरून उतरवून घ्यायला माणसं लागतील. आपण मात्र तेव्हाही त्याला आळशीच म्हणाल.

तरी विनंती, की परतीच्या वाटेवरचे जादा 60 वॅट माझ्या नावावरून काढून वाऱ्याच्या खात्यात जमा करावेत. पदकही त्यालाच द्यावं.

आपला,
जाताना आळशी