लोकलमधला परफ्यूमवाला

परफ्यूमवाला हा मुंबईच्या नोकरदार वर्गात सर्रास आढळणारा प्रकार आहे. वय तीस ते पन्नास, कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची सॅक. तो दिसण्याआधी कळतो. एरवी माणूस सज्जन असतो. चौथ्या सीटसाठी ‘जरा सरकता का?’ असे अदबीने विचारतो, उतरणाऱ्याला वाट देतो. त्याच्याविषयी तक्रार एकच, आणि तीही तोंडावर कोणी करत नाही.

त्याच्या परफ्यूममध्ये वर लिंबू-संत्र्याचा ताजेपणा आणि तळाशी कस्तुरी असते. खोक्यावर उंच इमारती आणि ‘अर्बन’सारखा एखादा शब्द. इमारती बहुधा न्यूयॉर्कच्या. दादरच्या पुलावरची संध्याकाळ बाटलीत भरायला अजून कोणी धजावलेले नाही. शहराच्या नावावर सुगंध खपवण्याची चाल मात्र जुनी आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली सुरू झालेल्या फारिना पेढीने लिंबूवर्गीय फळांचे हलके सुगंधी पाणी त्या शहराच्या नावाने विकले. तेच पुढे कोलनवॉटर होऊन मराठी घरांत तापकऱ्याच्या कपाळावरच्या घडीपर्यंत पोचले.

परफ्यूमवाल्याची खरेदी मॉलमध्ये होते. काउंटरवरची मुलगी कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती त्याच्या नाकापुढे हलवते. ‘सर, लाँग लास्टिंग आहे.’ सरांना लिंबू आवडते. ‘दोनवर एक फ्री’ त्याहून आवडते. तिसऱ्या मिनिटाला कार्ड निघते, आणि पट्टी शर्टाच्या खिशात जाते. तिथे ती पुढच्या धुण्यापर्यंत राहते.

खरा घोटाळा इथेच आहे. लिंबाच्या वासातले लिमोनीन हलके असते, ते पाहता पाहता उडून जाते. कस्तुरीचे रेणू जड. ते कातडीला आणि कपड्याला तासन्‌तास चिकटून राहतात. म्हणजे लिंबू घरातच संपते. सोसायटीच्या वॉचमनला त्यातले थोडे मिळते, रिक्षावाल्याला शेवटचे. लोकलच्या वाट्याला येते ती कस्तुरी. पसंती एका वासाची, सोबत दुसऱ्याची. ठरवून केलेल्या लग्नांतही एवढी तफावत क्वचित पडते.

ही कस्तुरी हरणाची नसते. कस्तुरीमृगाला भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कृत्रिम कस्तुरीचा पहिला यशस्वी प्रकार १८८८ साली आल्बर्ट बाउर या रसायनशास्त्रज्ञाला स्फोटकांवर काम करताना अपघाताने सापडला. हा इतिहास सहप्रवाशांना सांगितला तर कोणालाच नवल वाटणार नाही.

परफ्यूमवाल्याला स्वतःला यातले काही जाणवत नाही. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते, आणि काही माणसांना तर कस्तुरीच्या काही प्रकारांचा वास मुळातच येत नाही. त्यामुळे ‘उडाला वाटतं’ अशी त्याची प्रामाणिक समजूत होते आणि सॅकच्या बाजूच्या कप्प्यातली छोटी बाटली बाहेर येते. मानेला दोन, मनगटाला दोन, शर्टावर उदारपणे. जुन्या पिढीतले आजोबा हिना अत्तराचा फाया कानात ठेवत. तो वास जवळ बसणाऱ्यालाच मिळे. परफ्यूमवाल्याचा हिशेब डब्याचा असतो.

२०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली आणि या प्रकाराला खरे वैभव लाभले. साध्या लोकलच्या उघड्या दारांतून निम्मा परफ्यूम माहीमच्या खाडीला अर्पण होई. एसीचे दार बंद होते आणि सगळा माल आतच राहतो. कोणी शिंकते, कोणी रुमाल काढते, एखादे काका ‘एसी वाढवता येईल का हो?’ असे छताकडे बघून विचारतात. परफ्यूमवाला मोबाइलमध्ये असतो.

ऑफिसात लिफ्टमध्ये कोणीतरी विचारतेच, ‘आज काय लावलंयस रे?’ हा प्रश्न तो स्तुती समजतो, बाटलीचे नाव सांगतो, ऑफरही सांगतो. मीटिंगमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची शेवटी भरते. त्याला तो आपल्या ज्येष्ठतेचा मान वाटतो.

एका फवाऱ्याला साधारण ०.१ मिली धरले तर १०० मिलीच्या बाटलीतून हजारएक फवारे निघतात. जपून वापरणाऱ्याला ती वर्षभर जाते, याला तीन महिने. दुसरी बाटली कपाटात तयार असते. फुकटातली तिसरी तो भाऊबीजेला मेहुण्याला देतो. मेहुणा त्याच गाडीला अंधेरीला चढतो.