माझा वट

माणसांत नसेल, पण कुत्र्यांत माझा वट आहे. पुण्यात आमच्या गल्लीतली कुत्री वॉचमनवर भुंकतात आणि मी दिसलो की शेपटी हलवतात. ही बिस्किटांची पुण्याई, असं बायको म्हणते. मी ती व्यक्तिमत्त्वाच्या खात्यावर जमा करतो.

त्यामुळे न्यू जर्सीत, एडिसनच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात, एका काळ्या लॅब्राडोरनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे मनाला लागलं. तूरडाळीपाशी तो एका अंध बाईंच्या डाव्या बाजूला उभा होता. मी च्यक् च्यक् केलं, चुटकी वाजवली, ठेवणीतली शीळही काढली. त्याचा कान हलला नाही.

"बाबा, तो ड्यूटीवर आहे!" मुलगी दातओठ खात म्हणाली. हार्नेस अंगावर असताना त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खाऊ द्यायचा नाही. त्याचं लक्ष उडालं तर आपटणार त्या बाई. सरकारी कचेऱ्यांत माझ्याकडे इतकंच दुर्लक्ष झालेलं आहे, पण तिथं कुणी काम करत नसतं.

बिलाच्या रांगेत तिनं कायदाही ऐकवला. 1990 च्या अपंगांसाठीच्या कायद्याखाली दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय? कागद मागायचे नाहीत, 'करून दाखव' म्हणायचं नाही. कुत्रा आवरेनासा झाला किंवा त्यानं आत घाण केली, तरच बाहेर काढता येतं.

"आणि घोडा," ती म्हणाली.

2011 पासून लागू झालेल्या नियमांत कुत्र्याखेरीज एकाच प्राण्याची सोय आहे: बुटका घोडा. खांद्यापर्यंत साधारण 24 ते 34 इंच, वजन 70 ते 100 पौंड. शिकवलेला हवा, ताब्यात हवा, जागेत मावायला हवा. मी हरखलोच. आपल्याकडे नवरदेवाला आणणारा घोडा कार्यालयाच्या दारातच राहतो, हा थेट पंगतीपर्यंत येणार! लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात मालकीणबाई पैठणीचा पदर निरखताहेत, घोडा शांत उभा, आणि गादीवरचे शेठ 'चहा घेणार का' हे नक्की कुणाला विचारावं या पेचात. शिवाय घोडा कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त जगतो, म्हणजे सोबतही लांबची. नातवाच्या मुंजीपर्यंत मी ही कल्पना दौडवली असती, पण शेजारच्या ट्रॉलीतून कुणीतरी भुंकलं.

मेथीच्या जुड्यांवर 'सर्व्हिस डॉग' छापलेलं जाकीट घालून एक पॉमेरेनियन बसलं होतं. ही जाकिटं ऑनलाइन मिळतात. कायद्याला ती लागत नाहीत आणि त्यांनी काही सिद्धही होत नाही. ते सगळ्यांवर भुंकलं, मला पाहून मात्र शेपटी हलवली. वट शाबूत होता, पण कुणाकडे! असल्या हौशी जाकिटांमुळेच खऱ्या कुत्र्याच्या मालकाला दारात संशयानं अडवतात, याची चीड मला तेव्हा आली.

तेवढ्यात पुढं उभ्या त्या बाईंचं बिल झालं. काउंटरवरच्या मुलानं त्यांच्या डोक्यावरून मला विचारलं, "अंकल, यांना पिशवी हवी का?"

"दोन," बाई म्हणाल्या. "आणि मी इथेच आहे."

तरी त्यानं कार्डाचं यंत्र माझ्याच पुढं धरलं. मला संताप आला. कुत्र्याला आत घ्यायचं हे दुकान शिकलं होतं, बाईंशी बोलायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "त्यांना दे," आणि लॅब्राडोर अगदी पायाशी असूनही मुद्दाम छताकडे पाहत राहिलो.

माझा हा संयम कुणाच्याच लक्षात आला नाही, म्हणून गाडीत बसल्यावर मीच मुलीला दोनदा सांगितला.