सोडा, काकू!

पुण्यात ज्या बाईने लुना चालवली आहे, तिला दुसरं कुठलंही वाहन शिकवायला जाऊ नये, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. लुना 1972 साली आली, फिरोदियांच्या कायनेटिकची, पन्नास सीसीची. माझ्या वाट्याला आली ती बऱ्याच हातांतून फिरून. पुढे दळणाचा डबा, मागे नणंद आणि समोर विसर्जनाच्या आदल्या दिवशीचा लक्ष्मी रोड, एवढ्या सामग्रीवर मी ती चालवली आहे. आधी पेडल मारून आपण दमायचं, मग ती दमल्यासारखी सुरू व्हायची. पण एकदा सुरू झाली, की अख्ख्या पेठेला कळायचं. मुद्दा तोच आहे. पुढे येईल.

माझा भाचा अमेरिकेत नाही, हे आमच्या घराण्यातलं जुनं दुःख. तो हिंजवडीत असतो आणि शनिवार-रविवार पैसे देऊन मातीत पडायला जातो. या छंदाचं नाव इलेक्ट्रिक डर्ट बाइक. स्पेनच्या स्टार्क कंपनीची वार्ग नावाची अशी गाडी 80 अश्वशक्तीची मिळते, असं त्याने मला ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात आमच्याकडे मुलीचं लग्न ठरल्याचं सांगतात. "मावशी, तू पण चल. क्लच नाही, गिअर नाही, तुलासुद्धा जमेल." त्यातल्या "सुद्धा"साठी मी गेले.

चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून आपण कुठे जायचं हे पूलच ठरवतात. दोनदा मुंबईच्या दिशेला लागून आम्ही परत आलो. मग भूगाव, पिरंगुट, पौड आणि त्याच्याही पुढे. वाटेत डोंगर आहेत. मुळशीचं पाणी दिसतं. सुंदर आहे.

डर्ट बाइक आम्ही चालवत नेली नाही, कारण तसं करता येत नाही. आपल्याकडे 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या विजेच्या गाडीला नोंदणी लागत नाही. त्यापुढच्या गाडीला सगळं लागतं. या बाइक त्यापुढे कुठच्या कुठे जातात आणि त्यांना ना आरसा, ना इंडिकेटर, ना नंबरप्लेट. म्हणून त्या टेम्पोत बसून येतात आणि कुंपणाच्या आतच पळतात. पुण्याच्या रस्त्यांवर आरसा आणि इंडिकेटर असलेल्या गाड्याही ते नसल्यासारख्याच चालवतात, तो भाग वेगळा.

शिकवणारा पोरगा पौडचाच, विशीतला. त्याने आधी मला चिलखत चढवलं. छातीला कवच, कोपरांना कवच, गुडघ्यांना बिजागरीचं कवच. माझ्या गुडघ्यांची इतकी काळजी आजवर एकाही डॉक्टरने घेतलेली नाही. बूट नडगीपर्यंत, चार-चार बकलांचे. त्यात घोटा वळत नाही, म्हणून माणूस कमरेतून चालतो. एवढं होऊन तो म्हणाला, "काकू, स्कार्फ काढा, गॉगल बसत नाहीये." पुण्यातल्या बाईला गाडीवर बसताना स्कार्फ काढायला सांगणं हे काय आहे, ते त्याला कळलं नाही. तह असा झाला, की स्कार्फ कमरेला.

शिकवलं मात्र छान. पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक हातात, सायकलसारखे. एक बोट कायम ब्रेकवर. सीट शोभेची, खड्डा आला की पायपट्ट्यांवर उभं राहायचं, गुडघे सैल, कोपरं बाहेर. नजर जिथे जाईल तिथे गाडी जाते, म्हणून दगडाकडे बघायचं नाही. (मी दगडाकडेच बघत होते, दुसरं बघायला होतं काय?) गाडीला एक चुंबक, त्याची दोरी आपल्या मनगटाला. माणूस पडला की दोरी ओढली जाते, चुंबक निघतो, गाडी बंद. वजन पन्नास-पंचावन्न किलो. इको मोडवर मी मैदानाला शांतपणे फेऱ्या मारल्या. माझ्या बॅचमध्ये आठ वर्षांची एक मुलगी होती. ती मला ओलांडून जाताना प्रत्येक वेळी "बाय आंटी" म्हणायची. एवढं सोडलं तर उत्तम चाललं होतं.

मग मी पाणी प्यायला थांबले. घड्याळात अडकत होती म्हणून दोरी मनगटातून काढली. तेवढ्यात भाच्याने माझ्या गाडीवर एक चक्कर मारली, गाडी आणून उभी केली आणि म्हणाला, "मावशी, गाडीला धरून उभी राहा, व्हिडिओ काढतो." मी उजव्या हाताने मूठ धरली.

आता मला एक सांगा. गाडी चालू आहे की बंद, हे माणसाला कसं कळतं? आवाजाने. लुना फटफटते, स्कूटर घरघरते, बुलेट तर चालू व्हायच्या आधीपासून वाजते. हिला इंजिनच नाही. चालू आणि बंद यांतला फरक एवढाच, की एका कोपऱ्यात चिमुकला हिरवा दिवा लागतो, आणि दुपारच्या उन्हात तो काजव्यालाही दिसला नसता. शिवाय भाच्याने ती स्पोर्ट मोडवर ठेवलेली होती. यात माझं कुठे चुकलं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

गाडी पुढे सरकली. पळणाऱ्या वस्तूला माणूस मागे खेचतो. मी खेचलं. मागे खेचलं की मनगट खाली जातं, मनगट खाली गेलं की मूठ पिळली जाते, आणि मूठ पिळली की गाडी आणखी पळते. मग आपण आणखी खेचतो. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरायला थोडे तरी फेरे लागतात, तेवढ्यात माणूस सावध होतो. विजेच्या मोटारीचा जोर शून्यापासूनच पुरा असतो. बटण दाबलं की मिक्सर कधी हळूहळू विचार करत सुरू होतो का?

त्या बुटांत मी गाडीशेजारून धावत होते. धावणं माझं शाळेतच सुटलेलं होतं. टायरांचा ढीग गेला, पाण्याची टाकी गेली, बाय आंटी गेली (टाळ्या वाजवत). मागून पोरगा जिवाच्या आकांताने ओरडत होता, "सोडा, काकू, सोडा! सोडा!" पण हातात धरलेली वस्तू सोडायची आमच्याकडे पद्धत नाही. मी दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्यासुद्धा सोडत नाही, ही तर भाड्याची गाडी, डिपॉझिट भरलेली. कुंपण संपलं, बांध आला. बांधावरून गाडी उडाली आणि तिच्यामागे मी. दोघी शेजारच्या भातखाचरात उतरलो. भात कापून झालं होतं, खाली ओल होती. गाडी आडवी पडून मागचं चाक गरागरा फिरवत होती, तेसुद्धा गुपचूप.

बांधावर पेंढ्याचा भारा घेतलेली एक आजी उभी होती.

"मेली का गं?"

"नाही."

"मग ऊठ. हरभरा पेरलाय."

मी उठले. तिने भारा खाली टाकला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "ही वाजत न्हाई व्हय?"

"विजेची आहे, आजी."

"लाईटीची?" ती जरा वेळ चाकाकडे बघत राहिली. "आमचं गाव लाईटीपायीच बुडलं बग. सासरा लहान व्हता तवा. मुंबैला लाईट पायजे म्हून. आमच्यात लाईट लई मागनं आली."

मुळशी सत्याग्रह शाळेत मला दोन मार्कांना होता: 1921, सेनापती बापट, टाटांचं धरण. मुळेचं पाणी खरं म्हणजे पूर्वेला, आमच्या पुण्याकडे यायचं. ते अडवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन कोकणात भिऱ्याला खाली सोडलं. त्यावर वीज झाली आणि मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाण्याखाली गेली ती मावळ्यांची भातखाचरं. सकाळी वाटेत मी ज्याला सुंदर म्हणून पुढे गेले, ते हे पाणी.

आजीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तेच ऐकवेना. तिने बांधावरचा दगडीपाला खुडला, तळहातावर चोळला आणि माझ्या सोललेल्या मनगटावर पिळला. चांगलंच झोंबलं. "फुंकर घाल," म्हणाली आणि स्वतःच घातली. माझ्या मनगटावर फुंकर घालणारं माणूस जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. गॉगल काढायची गरज होती, पण मी तो तसाच ठेवला.

तुडवलेल्या हरभऱ्याचे पैसे तिने घेतले नाहीत. भाच्याने गाडी ढकलत मैदानावर आणली, तर तिथे लाइट गेलेली होती आणि बाइक चार्ज करायला डिझेलचा जनरेटर लावला होता. दिवसभरात तेवढा एकच ओळखीचा आवाज ऐकला.

मी पुन्हा बसले. इको मोड, दोरी मनगटाला, तीही गाठ मारून. इंजिन नसल्यामुळे चाकाखालची खडी ऐकू येते, झुडपातला सातभाईंचा कलकलाट ऐकू येतो, आणि आपण धापा टाकतोय तेही ऐकू येतं. उतारावर मूठ सोडली की मोटार स्वतःच वेग आवरून धरते. उभी राहून, कोपरं बाहेर काढून मी तो उतार उतरले तेव्हा मला कुणाचाही राग आला नव्हता. असं माझ्या बाबतीत फार होत नाही. ते टिकलंही नाही, कारण खाली आल्यावर वाकलेल्या ब्रेकच्या लिव्हरचे पैसे डिपॉझिटमधून कापल्याचं कळलं आणि मग अर्धा तास मी माझ्या मूळ स्वभावात होते.

मागे खेचता खेचता मूठ पिळली जाते, त्याला हे लोक व्हिस्की थ्रॉटल म्हणतात. भाच्याने घरी पोहोचायच्या आत कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं: "मावशीला व्हिस्की थ्रॉटल झालं. लिव्हर गेलं, बाकी ठीक." खाली व्हिडिओ. त्यात चित्र म्हणजे नुसती धूळ, पण आवाज स्वच्छ आहे. एक तरुण मुलगा कळवळून ओरडतोय, "सोडा, काकू, सोडा!"

रात्री साताऱ्याहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या, "भाऊजींना हे माहीत होतं का गं?"