ऐकणारे पाहिजेत

कथा लिहायला काय काय लागतं याची यादी आयोजकांनी आगाऊ पाठवली होती. वही, दोन पेनं, स्वेटर, टॉर्च, पांघरायची चादर आणि मोकळं मन. चादर सगळ्यांनी आणली होती.

शिबिर निवासी, आठवडाभराचं, 'नवोदित कथा-कादंबरीकारांसाठी'. नवोदितांना वयाची अट नव्हती. मराठीत माणूस सत्तरीपर्यंत नवोदित असतो आणि मग एका रात्रीत ज्येष्ठ होतो. मधला टप्पाच नाही. माझी निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. "आठवडाभर जे काय वाचून दाखवायचं ते तिकडेच दाखवाल ना?" एवढी एकच खात्री बायकोने करून घेतली आणि बॅग स्वतः भरून दिली.

ठिकाण होतं भिलार, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं 'पुस्तकांचं गाव'. स्वारगेटहून एसटी धरली, खंबाटकी चढून उतरलो, सुरूर फाट्यावरून आत वळलो आणि वाईच्या स्थानकावर गाडी थांबली. वाईत उतरलेला मराठी माणूस एकतर ढोल्या गणपतीला जातो किंवा वडापाव खातो, पण मला आठवला विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून तो उभा केला. पहिला खंड 1976 साली निघाला. एकेका नोंदीमागे तज्ज्ञ, तपासणीस, पुन्हा तपासणीस. आणि आम्ही चाललो होतो घाट चढून वरच्या अंगाला, मनाला येईल ते लिहायला. खाली सगळं खरं, वर सगळं खोटं, अशी सातारा जिल्ह्याने नीट वाटणी करून ठेवली आहे.

वाईत माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. कडक इस्त्री, मिशी जागच्या जागी, मांडीवर नाडीने बांधलेली फाइल. पासरणी घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्यांनी नाडी सोडली. "शिबिराला ना? मग एक ऐकवतो," म्हणाले. खाली धोम धरणाचं पाणी चकाकत होतं, मागच्या बाकावर कोणीतरी पिशवी शोधत होतं आणि मी एका खुनाचा तपास ऐकत होतो. हे निवृत्त फौजदार. आठवडाभर ते माझ्या खोलीत असणार होते, हे मला तेव्हा कळायचं होतं.

भिलारला 4 मे 2017 पासून हा पुस्तकांचा संसार आहे. कल्पना मूळची वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय गावावरून सुचलेली. तिथे रिचर्ड बूथ नावाच्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने 1 एप्रिल 1977 रोजी गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा म्हणवून घेतलं. भिलारला राजा नाही, सरकारी योजना आहे. म्हणून इथली तारीख एप्रिलची नाही. पण एक बाब आपली सरस. तिकडे पुस्तकं दुकानांत विकायला असतात, इकडे लोकांच्या घरात वाचायला. सुरुवातीला 25 ठिकाणी मिळून सुमारे 15 हजार पुस्तकं मांडली गेली. एका घरात कादंबऱ्या, एका घरात संतसाहित्य, एका घरात इतिहास, कुठे दिवाळी अंक. कोणीही यावं, ओसरीवरच्या खुर्चीत बसून फुकट वाचावं. आतून कुकरच्या शिट्ट्या येतात, बाहेर पाहुणा कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात असतो आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

या गावात विसेक लेखक आठवडाभर राहिले आणि मी पाहिलं त्याप्रमाणे एकानेही कपाटाची काच सरकवली नाही. वाचायला वेळ कोणाला? प्रत्येकाने आपापली फाइल आणली होती. वाचकांसाठी वसवलेल्या गावात आम्ही लेखक घुसलो होतो.

पहिल्या सत्रात प्रत्येकाने दोन मिनिटांत आपला परिचय द्यायचा होता. ते सत्र जेवणापर्यंत चाललं आणि उरलेले परिचय पिठलं-भाकरीनंतर झाले. फौजदार म्हणाले, "बत्तीस वर्षं पंचनामे लिहिले. आता काल्पनिक लिहायचं म्हणतो." मुख्य मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांनी विचारलं, "म्हणजे नवीन काय करणार?" फौजदार सोडून सगळे हसले.

सांगलीच्या काकूंच्या कथा सगळ्या सासवा-सुनांच्या. प्रत्येक कथेत शेवटी सून पाया पडते. "अनुभवातून आलंय का?" असं विचारल्यावर काकूंनी सुस्कारा सोडला. "कल्पनेतून," म्हणाल्या. हिंजवडीहून आलेली एक मुलगी एका ॲपवर प्रेमकथेचे दीडशे भाग लिहून बसली होती आणि नायक-नायिकेचं लग्न झालं की वाचक जातील या भीतीने मुहूर्त पुढे ढकलत होती. आमच्या सगळ्यांत खरा लेखक तीच, कारण तिला रोज शिव्या देणारे वाचक होते. आणि परभणीकडचा एक तरुण. त्याने तोंड उघडलं की सर डोळे मिटून म्हणायचे, "वा! मातीचा वास." बिचाऱ्याची कादंबरी अंतराळयानावर होती. तिसऱ्यांदा मातीचा वास आल्यावर तो म्हणाला, "सर, माती हाय की. मंगळावरची." रात्री मात्र तो खिन्न असायचा. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि याला सव्विसावं लागलं होतं.

नेमाड्यांवरून जेवणात तट पडले ते वेगळंच. त्यांनी कथा या वाङ्मयप्रकाराला फार खालच्या पायरीवर बसवलंय, हे कोणीतरी कादंबरीवाल्याने काढलं. कथावाल्यांनी मग जी. एं.पासून माडगूळकरांपर्यंत फौज उभी केली. त्या पंगतीत ठेच्याची वाटी आमच्या टोकाकडून कादंबरीच्या टोकाकडे गेलीच नाही.

लेखन शिकवता येतं का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहिलं, तेव्हापासून तो मिटलेला नाही. अमेरिकेत आयोवाला तर 1936 पासून त्याची विद्यापीठीय शाळा आहे. तिथल्या धर्तीवर आमच्याकडेही एक नियम होता: कथेवर चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. लेखक मेला आहे असं समजायचं. अमेरिकेत ते जमत असेल. आमच्याकडे मेलेला लेखक दर दोन मिनिटांनी उठून "मला असं म्हणायचं होतं की" अशी सुरुवात करायचा आणि सरांना त्याला पुन्हा मारावं लागायचं.

'सांगू नका, दाखवा' या विषयावर सर दोन तास सांगत होते. मग प्रात्यक्षिक म्हणून सकाळी आम्हाला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत सोडलं. पाचही इंद्रियांनी टिपा, म्हणाले. थंडी मरणाची. गादीवाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला, कागदाला भोकं, भोकांतून रोपं आणि रोपांखाली लोंबणारी फळं. दोन बायका वाकून तोडणी करत होत्या. नख आणि बोट देठावर, एक हलका झटका, हिरव्या टोपीसकट फळ तळहातात. फळाला बोट दाबून लागायला नको. मी वहीत 'लालचुटूक' लिहिलं. त्यातली एक म्हणाली, "लाल कुठं? पाऊण लाल हाय ते. पुरतं लाल झाल्यावर तोडलं तर मुंबईत जाईस्तोवर चिखल हुईल." मी 'लालचुटूक' खोडून 'पाऊण लाल' लिहिलं. आठवडाभरात माझ्या हातून झालेली ही एकमेव सुधारणा.

एवढ्यात शेताचे मालक आले. वाफ्यावाफ्यात वह्या घेऊन उभी राहिलेली, टक लावून फळांकडे बघणारी माणसं पाहून त्यांचा चेहरा उजळला. "नुकसानीचा पंचनामा का?" त्यांनी विचारलं. फौजदार सवयीने पुढे झाले आणि क्षेत्र किती, सर्व्हे नंबर काय, असं लिहून घेऊ लागले. त्यांना बाजूला काढावं लागलं.

पण खरी अडचण शिकवण्यात नव्हती, ऐकण्यात होती. सगळ्यांना वाटतं, लेखकाला एकांत लागतो. एकांत घरातही मिळतो. कथा वाचून दाखवतो म्हटलं की खोली रिकामी होते. लेखकाला लागतो तो श्रोता, आणि इथे तर प्रत्येकजण श्रोता शोधायला आलेला. रात्री शेकोटीभोवती कथावाचन असायचं. ज्याचं वाचून व्हायचं त्याला तत्काळ झोप यायची, म्हणून प्रत्येकाला आधी वाचायचं असायचं, शेवटी कोणालाच नाही. वाचून झालेल्यांनी उठू नये यासाठी चहा अखेरीला ठेवण्यात आला. कथाकथनावर महाराष्ट्र वेडा होता असं ऐकलं होतं. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर एका व्यासपीठावर आले की सभागृहं भरायची म्हणे. पण त्या तिघांसमोर लेखक बसलेले नसत, प्रेक्षक असत. दुपारी लोक पर्यटकांना गाठू लागले. ओसरीवर निवांत पुस्तक वाचणाऱ्या एका कोल्हापूरच्या कुटुंबाला काकूंनी "छापलेलं काय कधीही वाचाल" म्हणून पुस्तक मिटायला लावलं.

त्यातल्या त्यात बऱ्या श्रोत्या आमच्या घरमालकीण मावशी. काकूंनी त्यांना चुलीपुढे गाठलं. मावशी भाकरी थापता थापता सगळी कथा ऐकत होत्या. नायिका ओट्याशी उभी, दूध तापत ठेवलेलं, आणि तिला माहेर आठवतं. मग पावसाळे, अंगणातला प्राजक्त, सासूचे शब्द, न बोललेलं दुःख, अशी बारा पानं. संपल्यावर काकूंनी डोळे टिपले. मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली.

"चांगलं हाय. पर त्या बाईनं पयल्या पानावर दूध ठिवलं हुतं, त्याचं काय झालं?"

काकू म्हणाल्या, ते दूध प्रतीकात्मक आहे.

"आसंल. पर उतू गेलं आसणार."

त्या रात्री काकूंना झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांचं संपादनावरचं सत्र होतं, आणि माझ्या मते आठवड्यातलं कामाचं तेवढंच. लिहायला कोणी शिकवू शकत नाही. खोडायला शिकवता येतं. सर म्हणाले, "नवोदिताची कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. पहिलं पान काढून टाका." हॉलमध्ये स्मशानशांतता. एकेक पान मोठ्या कष्टाने वहीवेगळं झालं. काकूंनी मात्र आनंदाने टरकावलं. "दूधच गेलं!" म्हणत त्या मावशींना सांगायला धावल्या.

फौजदारांचं दुखणं वेगळं. त्यांच्या कथेत आरोपी पहिल्याच पानावर गुन्हा कबूल करायचा आणि सर वैतागायचे, "अहो, मग वाचकाने पुढे का वाचावं? रहस्य कुठाय?" फौजदारांचं म्हणणं, "साहेब, बहुतेक जण पहिल्या रात्रीच कबूल होतात. रहस्य असतं ते कोर्टात. साक्षीदार फितूर होतोय की नाही." आता पहिलं पान गेल्यामुळे त्यांच्या कथेत अचानक जबरदस्त रहस्य निर्माण झालं. खून झालाय, तपास चाललाय, साक्षीदार डळमळतोय आणि कोणी केलं ते शेवटपर्यंत कळत नाही. सरांनी पाठ थोपटली. फौजदार अस्वस्थ. गुन्हा उघडकीला न येता फाइल बंद करायची त्यांना सवय नव्हती.

एक दिवस मौनाचा होता. आठवडाभरात सर्वांत जास्त लेखन त्या दिवशी झालं. बोलायचं नाही म्हटल्यावर लोक चिठ्ठ्या लिहू लागले. मीठ मागणारी चिठ्ठी एका ओळीत भागली असती, पण परभणीकराने ती दोन परिच्छेदांत लिहिली, आणि ती मला त्याच्या कादंबरीपेक्षा आवडली. हिंजवडीवालीने दुपारपर्यंत तीन भाग टाकले. नायकाला मौनात घातलं की लग्नाची तारीख विचारता येत नाही, हा शोध तिला लागला होता.

समारोपाला प्रमुख पाहुणे आले आणि आपल्या पहिल्या कथेला संपादकांनी कसं साभार परत पाठवलं होतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. शिबिरार्थींच्या कथांचा प्रातिनिधिक संग्रह निघणार असल्याची घोषणा झाली. प्रत्येकाने दहा प्रती विकत घ्यायच्या. कोणाला द्यायच्या, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजरा चुकवल्या.

परतीला फौजदार पुन्हा माझ्या शेजारी. वाई गेली, सुरूर गेलं. पुण्याकडे येताना खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगदा लागतो. फौजदारांचं वाचन चालूच होतं. बोगद्यात दिसेनासं झालं तरी ते थांबले नाहीत. एव्हाना त्यांना पाठ होतं. बाहेर आलो तेव्हा पुढच्या बाकावरचे एक टोपीवाले आजोबा पूर्ण मागे वळून बसले होते.

"मग खून केला कुणी, सायेब?"

"ते पहिल्या पानावर होतं," फौजदार म्हणाले. "सरांनी काढायला लावलं."

"आन् फाडलंत?"

"मुद्देमाल असा फाडतात का?" फौजदारांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, मांडीवर सपाट केला, चष्मा पुसला आणि आजोबांना नीट ऐकू जावं म्हणून पुढे सरकून कथा पहिल्यापासून सुरू केली.