आंजी (मोठी) येथील मित्रमंडळाचे स्थलदर्शन

आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचे, धाम नदीकाठचे गाव. येथील मित्रमंडळांच्या सहली दोन प्रकारच्या असतात: ठरणाऱ्या आणि निघणाऱ्या. पहिल्या प्रकारात पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंड येतात. दुसऱ्यात वर्धा येते.

येथे ज्या मंडळाचा विचार केला आहे, त्याचा युरोपचा बेत पानठेल्यापुढच्या बाकावर बराच पुढे गेला होता. एका शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात हे कळल्यावर दर देशामागे खर्च काढण्यात आला, आणि तो माहूरच्या यात्रेपेक्षा स्वस्त पडला. पुढे बँक खात्याचे उतारेही जोडावे लागतात असे समजले. त्या वेळी मंडळाचा कापूस भावाची वाट पाहत घरात पडून होता आणि खात्यांत किमान शिल्लक नव्हती. तेव्हा रविवारी सेवाग्राम पाहावे असे ठरले.

मंडळात एक चालक असतो, एक खजिनदार, एक फोटोवाला आणि एक पाटीवाचक. पाटीवाचक म्हणजे वाटेत दिसेल ती पाटी मोठ्याने वाचून वर स्वतःची भर घालणारा इसम. त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवतात, म्हणजे खिडकी मिळत नाही आणि पाट्या कमी दिसतात. त्याचा कोणाला उपयोग झाल्याची नोंद नाही. प्रस्तुत टिपण त्याच्याच हातचे आहे.

सातला निघायचे ठरल्यास गाडी साडेनऊला निघते. उशिराचे कारण खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाला घोटत बसतो, आणि त्याला घाई करणे गावात असभ्य मानले जाते. वर्धा जिल्ह्यात गांधीजी आणि विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. खर्ऱ्याची पन्नी मात्र सर्व पक्षांच्या खिशांत सारखीच सापडते.

वर्ध्यात लक्ष्मीनारायण मंदिर लागते. जमनालाल बजाजांनी ते जुलै १९२८ मध्ये दलितांसाठी खुले केले. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. पाटीवाचक हे सांगू लागला तोवर मंदिर मागे पडले होते. पुढच्या चौकात चालकाने पन्नी उघडली आणि ताजा बार भरला. दिवसाचा निकाल तिथेच लागला.

तोंडात खर्रा असताना माणसाला बोलता येत नाही, हा समज चुकीचा आहे. सराईत माणूस मान थोडी वर करतो, खालचा ओठ पुढे काढतो आणि सगळे स्वर उकारात आणून बोलतो. आंजीत हे सर्वांना समजते. सेवाग्रामला समजत नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम ते १९४० मध्ये झाले. घर बांधताना खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये आणि सामान आसपासचेच असावे, अशी अट त्यांनी घातली होती. आश्रमाचे अंगण झाडून लख्ख असते, चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि प्रत्येक झाडाखाली कोणी ना कोणी बसलेले असते. पिंक टाकायला जागा नाही हे चालकाच्या लक्षात आले तेव्हा मंडळ बरेच आत शिरले होते आणि मागून शेजारच्या जिल्ह्यातील एका शाळेची सहल येत होती. परतीची वाट पन्नासेक मुलांनी भरलेली होती.

"नमस्कार, कुठून आलात?" सहलीच्या गुरुजींनी नेमके चालकालाच विचारले.

चालकाने हात जोडले आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

"आंजीहून," खजिनदार म्हणाला. "यांचं मौन आहे."

हेतू मित्राची लाज राखण्याचा होता. परिणाम वेगळा झाला. गुरुजींनी मुलांना गोल उभे केले. "पाहा! गांधीजी दर सोमवारी मौन पाळायचे. आजही पाळणारी माणसं आहेत."

"सर, आज त रविवार हाये," एक मुलगा म्हणाला.

"काही जण आदल्या दिवसापासून धरतात," गुरुजी म्हणाले. असे काही कुठे लिहिलेले नाही, पण गुरुजींवर अविश्वास दाखवण्याची ती वेळ नव्हती.

"काका, किती दिवसांपासून?" एका मुलीने वही काढली. चालकाने दोन बोटे वर केली. दोन मिनिटे बाजूला व्हा, जाऊ द्या, असा त्याचा अर्थ होता. वहीत दोन वर्षे अशी नोंद झाली. फोटोवाल्याने याच क्षणी सर्वांचा एकत्र फोटो घेतला, आणि मुलांच्या आग्रहावरून दुसराही.

मग सगळा लवाजमा मौनीबाबांना पुढे घालून आश्रम पाहू लागला. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पकडलेला साप ठेवायची पेटी इथे जपून ठेवली आहे. आश्रमात साप मारत नसत, पकडून दूर सोडून देत. त्या पेटीकडे चालकाने ज्या आशेने पाहिले, तशी आशा सापानेही कधी केली नसेल. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन पाहताना एका मुलाने विचारले, "मौन असलं तर फोनवर काय करत असतील?" उत्तरासाठी सगळ्यांनी चालकाकडे पाहिले. त्याचे गाल फुगले होते आणि डोळ्यांत पाणी होते.

"सर, काका रडून राहिले."

"गहिवर आला आहे त्यांना," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचाही आवाज जड झाला.

बापूकुटी मुळात मीराबेनने स्वतःसाठी उभारलेली; गांधीजी तिथे नंतर राहायला आले. मीराबेन म्हणजे मॅडेलिन स्लेड, इंग्रज आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. रोमाँ रोलाँचे गांधीजींवरील पुस्तक वाचून ती १९२५ मध्ये भारतात आली. कुटीच्या भिंतीवर तिने मातीतच ताडाची झाडे उठवली आहेत. आंजीच्या घराघरांतल्या बायका ज्या मातीने भिंती लिंपत आल्या, ती हीच माती. इंग्लंडच्या बाईला ती लिंपता आली, आणि अशी आली की पाटीवाचकसुद्धा तिथे काही वाचायचे विसरला. ज्यांना युरोप पाहायचा होता त्यांना त्या भिंतीत युरोपातल्या एका माणसाचा हात दिसला. तेवढा वेळ तिकिटाचा विषय कोणी काढला नाही.

याच भिंतीपुढे सर्वांनी दोन मिनिटे शांत बसावे अशी सूचना गुरुजींनी केली, आणि त्या दोन मिनिटांत चालकाने खर्रा गिळला.

गिळलेला खर्रा काय करतो याची चर्चा पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. आधी उचकी लागते, मग घाम फुटतो, मग जमीन थोडी कलते. चालक उठून फाटकाकडे धावला आणि रस्त्यापलीकडे ओणवा झाला. "मौनासोबत उपासही होता का?" गुरुजींनी काळजीने विचारले आणि लिंबूपाणी आणायला दोन मुले पळवली. मुलीने वहीत उपासही लिहून घेतला.

इथे सहल थांबली. मंडळात गाडी चालवता येणारा दुसरा कोणी नव्हता. चालक झाडाखाली आडवा पडला आणि बाकीचे त्याच्याभोवती बसले. सेवाग्रामलाच कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि १९६९ मध्ये सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिकडे जायचे का, असे फोटोवाल्याने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. मंडळाला आणखी एक सभासद होता. त्याचे तोंड हळूहळू उघडेनासे झाले. आधी भाकरीचा घास जाईना, मग चमचा जाईना. ते रुग्णालय सर्वांना त्याच्यामुळे माहीत आहे, कोणता जिना, कोणता बाक, इथपर्यंत. खर्ऱ्याने तोंडे अशी मिटण्याला सगळेच सरावले आहेत, याचाच खरा संताप येतो. एका वाढदिवसाला ठेल्यावर त्याच्या नावाने खर्रा वाटला गेला होता. वाटणारे हेच होते.

"बे, मले घरी नेऊन सोडा," झाडाखालून आवाज आला. स्वर पूर्ववत झाले होते.

"गाडी कोन चालवन? तूच ना बे," खजिनदार म्हणाला.

चारच्या सुमारास गाडी हलली. गोपुरीत गीताई मंदिर पाहण्यात आले: छप्पर नाही, मूर्ती नाही, उभ्या शिळांवर विनोबांची गीताई कोरलेली. शिळांची मांडणी वरून गाय आणि चरख्यासारखी दिसते. मंडळाने ती खालून पाहिली. शेजारचा पांढरा विश्वशांती स्तूप १९३३ मध्ये गांधीजींना वर्ध्यात भेटलेल्या जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेचा. त्याला प्रदक्षिणा घालताना चालकाने अर्ध्यात बसून घेतले.

शेवटी पवनार. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडले. विनोबांच्या आश्रमात शेतीसाठी खणताना जुन्या मूर्ती निघाल्या; त्यांतली भरत-राम भेटीची शिळा आजही तिथे आहे. खाली धाम वाहते. म्हणजे दिवसभर पेट्रोल जाळून मंडळ आपल्याच नदीच्या काठावर येऊन बसले, हे खजिनदाराने सर्वांच्या नजरेस आणून दिले आणि खर्चाची चार भागांत वाटणी केली. लिंबूपाण्याचे पैसे गुरुजींनी घेतले नव्हते. चालकाने नदीत तोंड धुतले, खिशातली पन्नी काढली, पाहिली आणि परत ठेवली. ती परत ठेवली याला मंडळ फार महत्त्व देत नाही.

सेवाग्रामला जाणाऱ्यांनी खर्रा घरी ठेवून जावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान सोमवार निवडावा. त्या दिवशी न बोलणाऱ्याला तिथे कोणी कारण विचारणार नाही.